पर्सोना पुरे झाले, निर्णय दाखवा!

अ‍ॅप डिझाइनरचा पोर्टफोलिओ, म्हणजे नोकरीसाठी दाखवायचा कामाचा संग्रह, उघडायच्या आधीच आत काय असणार ते आता सांगता येतं. ग्रेडियंटवर तिरका ठेवलेला मोबाइल. त्याखाली डबल डायमंडची, म्हणजे डिझाइनच्या पायऱ्या दोन जोडलेल्या हिऱ्यांत मांडणारी आकृती. मग पर्सोना, म्हणजे कल्पनेतला नमुना युजर: स्टॉक फोटोतली हसरी बाई, वय २८, अडचण काय तर 'वेळ मिळत नाही'. आणि तिच्यासाठी बनवलेलं ध्यानाचं, सवयी लावायचं नाहीतर कुंडीला पाणी घालायची आठवण करून देणारं अ‍ॅप. नाव बदलतं, रंग बदलतो, प्रोजेक्ट तोच. संताप होतो, कारण यातल्या बऱ्याच जणांचा हात चांगला असतो, आणि तो या साच्याखाली गाडला जातो.

साचा देणारे कोर्सवाले यात आधी दोषी आहेत. सगळ्या बॅचला एकच ब्रीफ, एकच मथळ्यांची यादी: प्रॉब्लेम, रिसर्च, पर्सोना, वायरफ्रेम (स्क्रीनचा कच्चा आराखडा), फायनल स्क्रीन. मुलं इमानदारीत रकाने भरतात आणि मग सगळ्यांचे पोर्टफोलिओ सारखे का दिसतात म्हणून तीच मंडळी 'वेगळं काहीतरी करा' असा सल्ला देतात. वेगळं म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. मग बिचारे कर्सरला शेपूट लावतात, स्क्रोल केलं की अक्षरं उडवतात, पान उघडायच्या आधी चार सेकंदांचा लोडर फिरवतात. बघणाऱ्याला काम बघायचंय हो! त्याच्या वाटेत कशाला उभे राहता?

डबल डायमंड ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने मांडून वीस वर्षं झाली. मुलाखत घेणाऱ्याला ती पाठ आहे. त्या जागी तुम्ही घेतलेला एक निर्णय दाखवा, मुळापासून. समजा डॉक्टरांची वेळ घ्यायचं अ‍ॅप आहे. पहिल्या आराखड्यात तुम्ही महिन्याचं कॅलेंडर दिलं. लोकांच्या हातात दिल्यावर दिसलं की बहुतेक तारखा भरलेल्या, म्हणून करड्या. माणूस एकेक करड्या तारखेवर टिचक्या मारत पुढच्या महिन्यात जातो आणि वैतागून सोडून देतो. म्हणून तुम्ही कॅलेंडर मागे ढकललं आणि वर सर्वात जवळच्या तीन रिकाम्या वेळा ठेवल्या. त्याची किंमत काय? ज्याला ठरावीक तारीखच हवी त्याला एक टॅप जास्त पडतो. ती किंमत का चालेल, तेही लिहा. टाकून दिलेला स्क्रीन डावीकडे, ठेवलेला उजवीकडे, दोन्ही एकाच मापात, दोन्हींत तीच माहिती, खाली चार ओळी. एवढ्यात तुम्ही विचार कसा करता ते कळतं. स्टिकी नोटांनी भरलेल्या भिंतीच्या फोटोतून काय कळतं? नोटेवरचं अक्षरसुद्धा वाचता येत नाही!

आणि तो तिरका मॉकअप, म्हणजे मोबाइलच्या चित्रात बसवलेला स्क्रीन. मुखपृष्ठावर एक ठेवा, हरकत नाही. पण आतले सगळेच स्क्रीन तिरके, एकमेकांवर चढलेले, सावल्यांत बुडालेले असतील तर बटणावर काय लिहिलंय ते कसं वाचायचं? स्क्रीन सरळ ठेवा. ३९० पिक्सेल रुंदीची फ्रेम असेल तर दुप्पट, म्हणजे ७८० पिक्सेलने एक्सपोर्ट करा, आणि एका ओळीत तीनपेक्षा जास्त स्क्रीन कोंबू नका.

मग तो फिकट करडा मजकूर! आरजीबी (लाल-हिरवा-निळा) १५३-१५३-१५३ चा करडा पांढऱ्यावर टाकला की कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, येतो २.८५:१. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे सगळ्यांना वापरता येण्याच्या, डब्ल्यूसीएजी नियमावलीतल्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. म्हणजे तुमचा करडा मोठ्या अक्षरांतही नापास. ११८-११८-११८ पर्यंत गडद केला की ४.५४ मिळतो, पास. एका मिनिटाचं काम आहे. ते न करता त्याच पानावर 'अ‍ॅक्सेसिबिलिटीचा विचार केला' असं लिहायचं, याची चीड येते.

सगळ्यात जास्त राग येतो तो खोट्या आकड्यांचा. 'चाचणीत ८७ टक्के युजर समाधानी.' किती लोक होते? सहा. अहो, सहा जणांत ८७ टक्के येऊच शकत नाहीत. पाच जण म्हणजे ८३, सहा म्हणजे १००. वाचणारा हे मनातल्या मनात करतो आणि तिथून पुढे तुमच्या एकाही वाक्यावर विश्वास ठेवत नाही. पाच माणसांवरची चाचणी अडचणी शोधायला असते. युजर-चाचण्यांचा तज्ज्ञ जेकब नील्सनने २००० साली पाच जणांचा आग्रह धरला तो त्यासाठीच, टक्केवारी काढायला नव्हे. 'सहापैकी चौघांना फिल्टरचं बटण सापडलं नाही' असं सरळ लिहा. हे वाक्य शंभर पट वजनदार आहे.

नामांकित अ‍ॅपचं रीडिझाइनही तसंच. जाहिराती काढल्या, मोकळी जागा वाढवली, झालं 'सोपं'. ते बटण तिथे का आहे, त्यामागे कायदा आहे की धंदा, याचा विचारच नाही. करायचंच असेल तर एकच फ्लो, म्हणजे एका कामाच्या सलग पायऱ्या, घ्या, उदाहरणार्थ रिफंड मागणं. आत्ता किती पायऱ्या लागतात ते मोजा, अ‍ॅप स्टोअरवरच्या तक्रारी वाचा, आणि जे बदलता येणार नाही ते आधी मान्य करा.

शिवाय सगळं जग आलबेल असल्यासारखेच स्क्रीन. सगळ्यांची नावं दोन शब्दांची, सगळे फोटो सुंदर, नेट कधी जात नाही, पेमेंट कधी अडकत नाही. यादी रिकामी असताना काय दिसतं? पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही, तर? नाव चाळीस अक्षरांचं असेल तर? मजकूर देवनागरीत टाकला की ओळींमधलं अंतर पुरतं का, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात? खरं डिझाइन इथे असतं, आणि पोर्टफोलिओत नेमकं हेच गायब. हे चार स्क्रीन जोडले तरी तुम्ही गर्दीतून बाहेर पडता.

टीमच्या कामात 'आम्ही केलं, आम्ही ठरवलं' लिहू नका. तुम्ही काय केलं ते पहिल्या परिच्छेदात हवं. तीन पक्के प्रोजेक्ट बस झाले. दहा ठेवले तर सगळ्यात कच्च्यावरून तुमची पारख होते. आणि फिग्मा या डिझाइनच्या टूलमधल्या फाइलची लिंक पाठवण्याआधी लॉगआउट करून, दुसऱ्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडून बघा. इतकं राबून शेवटी समोरच्याला 'परवानगी मागा' एवढंच दिसत असेल तर त्या मेहनतीचं काय झालं?