'योको' म्हणजे नेमकं काय?

'योको' या जपानी मुलींच्या नावाबद्दलच्या एका लेखात 'योको म्हणजे समुद्रकन्या' असं सरसकट म्हटलंय. ते जपानी कलाकार योको ओनो यांच्या नावापुरतं बरोबर आहे, सगळ्या योकोंना लागू होत नाही. जपानी नावाचा अर्थ उच्चारात नसतो, कांजीत (म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाही अक्षरात) असतो. 'यो'साठी समुद्राची कांजी ९ रेघांची: डावीकडे पाण्याच्या ३ रेघा, उजवीकडे मेंढीचं चिन्ह. मेंढीचा इथे अर्थाशी संबंध नाही, ती फक्त उच्चार दाखवते. पाण्याच्या रेघा गाळल्या तर नुसती मेंढी उरते! 'यो' इतर कांजींनीही लिहितात: सूर्यप्रकाशाची कांजी १२ रेघांची, पानाचीही १२ रेघांचीच, पण तिच्या डोक्यावर गवताचं चिन्ह असतं. तेव्हा कांजी पाहिल्याशिवाय अर्थ सांगूच नये.

'को' म्हणजे मूल, हे खरं. पण तो प्रत्यय मुळात मुलींचा नव्हता. इ.स. ६०७ मध्ये चीनच्या सुई राजघराण्याच्या दरबारी गेलेला जपानी दूत ओनो नो इमोको पुरुषच होता. पुढे हेइआन काळात (७९४-११८५) जपानी राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या मुलींची नावं 'को'ची होऊ लागली. सामान्य घरांत ती रुळली मेइजी काळानंतर (१८६८-१९१२).

आणखी एक. हिरागाना या जपानी उच्चारलिपीत हे नाव यो-उ-को असं तीन अक्षरी आहे, 'यो' लांबवायचा. आखूड 'योको' म्हणजे 'बाजू' किंवा 'आडवं'. रोमन लिपीत हा फरक बहुधा गळतो. जपानच्या कुटुंबनोंदणीतही नावाचा उच्चार अधिकृतपणे नोंदवणं २६ मे २०२५ पासूनच सुरू झालं, तोवर फक्त लिखित नाव असे.