27 घनफुटांचा खड्डा

आंब्याचं कलम लावायला खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा हवा, हे मला पाठ होतं. म्हणजे 27 घनफूट. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला गुणाकार येतो. त्या 27 घनफुटांत काय काय भरलेलं असतं, ते मात्र पासबुकात छापून येत नाही.

कोरेगाव तालुक्यातल्या माळावर दहा गुंठे आमच्या वाटणीला आलेत. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याच्याही खाली काळा पाषाण. काही कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस वाहत आला आणि थिजला, त्याचा आपला हा दगड झाला. वाहता वाहता तो आणखी चार पावलं पुढे गेला असता, तर माझी काही तक्रार नव्हती.

खड्डे उन्हाळ्यातच काढून तापू द्यायचे असतात, म्हणून एप्रिलअखेर साताऱ्याहून नवंकोरं फावडं घेऊन मी हजर झालो. बेत दहा केसर कलमांचा. शेजारच्या रानातले आबा बांधावरच्या बाभळीखाली येऊन बसले आणि त्यांनी चंची सोडली. माझी पहिली दहा मिनिटं त्यांनी पानाला चुना लावत बघितली.

"साहेब, फावडं उकरल्यालं उचलायला असतंय. उकरायला न्हवं."

दुसऱ्या दिवशी टिकाव. त्याचं टोक दगडाला, चपटी बाजू मुळीला, असा साधा हिशोब. पण बाभळीची मुळी दगडाला अशी मिठी मारून बसलेली, की कुणावर काय चालवायचं तेच कळेना. निवडणुकीनंतरच्या युतीसारखं. टोक मारावं तर मुळीत रुतून बसायचं, चपटी बाजू मारावी तर दगडावरून ठिणगी. तिसऱ्या का चौथ्या घावाला टिकाव तुंब्यातून, म्हणजे लाकडी दांड्यातून, निसटला आणि आबांच्या कडवळात जाऊन पडला. माझ्या हातात नुसता तुंबा.

"वाळलाय त्यो. रातभर पान्यात ठिवा, फुगतोय."

रात्री घरी बायकोनं विचारलं, "अहो, बादलीत काय भिजत घातलंय?"

"टिकाव."

"मग मटकी कशात घालू?"

मुळ्यांसाठी कुऱ्हाडही आणली. मुळी तुटली, आणि तिच्यामागे दबा धरून बसलेल्या दगडानं कुऱ्हाडीची धार घेतली. यानंतर पुतण्याला यंत्राचा पुळका आला. पेट्रोलवर चालणारं, गिरमिटासारखं पातं असलेलं खड्डे पाडायचं मशीन त्यानं दिवसाच्या भाड्यानं आणलं. वीतभर मातीत ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. मग पातं दगडाला टेकून थांबलं आणि त्याचं उरलेलं फिरणं आम्हा दोघांत आलं. मी अर्धा फेरा मारून बसलो, पुतण्यानं जवळजवळ पूर्ण मारला.

आबा खूश. "मळनीत तिवड्याच्या खांबाभवती बैल अशीच फिरायची!"

पण त्यांना दया आली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची पहार काढून दिली. सहा फुटी, दहा-बारा किलोची. "आधी शेवटून आना."

"कुणाच्या शेवटून?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की बँकेतली माझी सगळी वर्षं वाया गेली. शेवटणं म्हणजे लोहाराकडून बोथट टोक तापवून, ठोकून परत काढून घेणं. लोहारानं ते लालभडक केलं, चार घणात सरळ केलं आणि पाणी पाजलं.

पहार मारायची नसते, उचलून सोडायची असते. वजनाचं काम वजनालाच करू द्यायचं. हे समजेपर्यंत माझ्या तळहातांना सात फोड आले होते. आदल्या संध्याकाळी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतून मुरूम भिजवायचा, सकाळी फटीत पहार घालायची, मागे उटी, म्हणजे टेकू म्हणून दगड, लावायची आणि अंगाचं ओझं टाकून उचकायचं. 2016 साली वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत पहिल्याच वर्षी याच तालुक्यातल्या वेळू गावानं पहिला नंबर काढला, तेव्हा श्रमदानाचे व्हिडिओ बघून साताऱ्यात पंख्याखाली बसून माझे डोळे भरून आले होते. आता पुन्हा आले, यावेळी घामानं.

दगडाचं आधी डोकं दिसलं, दुसऱ्या दिवशी खांदे, तिसऱ्या दिवशी कंबर. मला धास्ती, स्वयंभू निघाला तर देऊळ बांधावं लागेल. चौथ्या दिवशी तो हलला. सहा दिवसांत एक खड्डा, तोही अडीच फुटी. दहा कलमांचा बेत तोवर तीनवर आला होता.

दुसऱ्या खड्ड्याची जागा मी वैतागून, डोळे मिटल्यासारखी धरली. पहार सोडली आणि ती हातभर आत गेली. दुसऱ्यांदाही. काळी, भुसभुशीत माती. दगड नाही, मुळी नाही. दुपारच्या आत तीन फूट खड्डा तयार! मी विजयी मुद्रेनं बाभळीकडे बघितलं.

"जमलं की, आबा!"

"जमनारच. तितं तुमच्या आज्याचा उकिरडा हुता."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

आबांनी चंची गुंडाळली. "तुम्ही फावडं घिऊन आला हुता, म्हटलं हौसंला आलाय. आन् मलाबी दुपारचं दुसरं काय काम न्हवतं."