कोड पुसावा, दोष जपावा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागूनही गाडी खानापूरहून बेळगावात नेहमीसारखी पोहोचली असेल, तर दोष गाडीत नसून दिव्यात आहे, असे खुशाल समजावे. घरच्यांनी तगादा लावलाच, तर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर मागवावा. मोबाइलवर ‘पी०१७१’ असा दोषाचा कोड उमटला की त्या क्षणापासून आपणच मेस्त्री. उद्यमबागेत ज्याचे हात आयुष्यभर ग्रीसने काळे झाले, त्याला यापुढे आपण शिकवायचे.

या कोडचा अर्थ एवढाच की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते आहे. ती कोठून जाते, हे कोड सांगत नाही. ही उणीव आपण कल्पनेने भरून काढायची असते. हवा जास्त असल्याची खबर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून प्रथम तोच बदलावा. चोरीची वर्दी घेऊन आलेल्यालाच कोठडीत घालण्याचा हा न्याय सोपा आहे आणि सुट्या भागांच्या दुकानदाराला तो मनापासून पटतो. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत, जाणाऱ्या रबरी पाइपला मात्र चुकूनही हात लावू नये. इंजिन थंड असताना त्याच्या वळ्या बोटांनी फाकवल्या, तर एखाद्या घडीच्या तळाशी, वरून मुळीच न दिसणारी चीर उघडी पडण्याचा धोका असतो. हवामापक सेन्सर असलेल्या गाडीत त्या चिरेतून मोजमाप चुकवून हवा आत शिरते, आणि मग निदान फुकटात होऊन बसते.

स्कॅनरवरचे फ्युएल ट्रिमचे, म्हणजे गाडी आपणहून पेट्रोल किती वाढवते वा घटवते त्याचे, आकडेही न पाहिलेलेच बरे. पिकअप न दाबता इंजिन चालू असताना ट्रिम बराच वर आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर शून्याजवळ आला, तर बहुधा हवा गळते आहे. उलट चढावर, इंजिनावर ओझे आल्यावर तो वाढत गेला, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर थकला असावा. आकडे इतके स्पष्ट बोलू लागले की खर्चाला वाव कुठला?

‘पी०३०१’ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटेनासे होऊन तो मिसफायर करू लागला, तरी हेच धोरण ठेवावे. पहिल्या सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल दुसऱ्यावर बसवून पाहावी आणि कोड ‘पी०३०२’ झाला तर कॉइलच गेली असे ओळखावे, ही युक्ती कंजूष लोकांची. आपण चारही कॉइल नव्या घ्याव्यात. दिवा लुकलुकत असेल, तर चोर्ला घाटात पिकअप आणखी दाबावा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळते, म्हणजे जो खर्च कॉइलवर भागणार होता, त्याला खरी प्रतिष्ठा लाभते.

एवढे करण्याचा कंटाळा असेल, तर कोड पुसून टाकावा. दोष पकडला गेला त्या वेळचा वेग, इंजिनाच्या फेऱ्या, पाण्याचे तापमान, अशी नोंद गाडीने जपून ठेवलेली असते. तीही कोडबरोबर जाते आणि पुढे तपासणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. पुष्कळ कोड गाडी सलग दोनदा चालवताना दोष दिसल्यावरच दिवा लावतात. गिऱ्हाईक निपाणीहून गाडी पाहायला येणार असेल, तर तेवढी उसंत पुरते.

बेळगावच्या मेस्त्रीने पाइप फाटला असे सांगितले, तरी ते लगेच खरे मानू नये. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कोल्हापूरच्या मेस्त्रीला विचारावे. सीमाभागात बाकी सारे वादात असले तरी कोड नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकच निघतो, त्यामुळे तोही पाइपच दाखवील. पण तिकडे ऐकलेले अधिक खरे वाटते. तो पाइप बदलून क्लॅम्प आवळून देईल. तेव्हा त्याला ठणकावून विचारावे, की साध्या रबराच्या पाइपाला एवढी मजुरी कशाची? आपण बदललेला सेन्सर केवढ्याला पडला, हे मात्र तिथे काढू नये.