साहेब बंदोबस्ताला गेलेत

आज सहावी खेप. आईला रिक्षात बसवलं, ठेवपावत्यांच्या झेरॉक्सची पिशवी मांडीवर घेतली आणि आर्थिक गुन्हे शाखा गाठली. टेबलामागचा हवालदार मान वर न करता म्हणतो, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." कधी वारी, कधी गणपती, कधी निवडणूक! ज्याने खातेवह्या तपासायच्या त्याला रस्त्यावर दोरी धरून उभं करायचं, मग ही शाखा काढली कशाला?

आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीचे पैसे पतसंस्थेत ठेवले, चेअरमन ओळखीचा म्हणून. एक दिवस शटर खाली. पोलीस ठाण्यात सांगितलं, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मग म्हणे रक्कम मोठी आहे, शाखेत जा. शाखा म्हणे आधी अर्जाची चौकशी, मग गुन्हा. तेवढ्यात चेअरमनचा फ्लॅट मेव्हण्याच्या नावावर झालासुद्धा! आणि वर आईलाच ऐकवतात, "आजी, जास्त व्याजाच्या मागे कशाला लागायचं?" साडेदहा टक्के होतं हो. लॉटरी नव्हती.

म्हणे एमपीआयडी लावलाय. ठेवीदारांच्या संरक्षणासाठीचा राज्याचा १९९९ चा कायदा, कागदावर झकास, संचालकांची मालमत्तासुद्धा जप्त करता येते. पण ती पोलिसांनी शोधायची, प्रस्ताव मंत्रालयात जायचा, अधिसूचना निघायची, मग महसूल खात्याचा सक्षम प्राधिकारी विशेष न्यायालयात जाणार, तिथे हरकती, मग कधीतरी लिलाव. एनएसईएल या ऑनलाइन वस्तू-बाजाराचं ५,६०० कोटींचं प्रकरण २०१३ ला फुटलं आणि ते या कायद्यात बसतं का, याचा सुप्रीम कोर्टातून निकाल यायला २०२२ उजाडलं. तिथे आमच्या पतसंस्थेला कोण विचारतो! बरं, शिक्षा किती? फार तर सहा वर्षं आणि एक लाखापर्यंत दंड. एक लाख! तेवढ्याची तर चेअरमनच्या हातात घड्याळं असतात.

हे तिसरे तपास अधिकारी. दर नव्या साहेबांपुढे आईने जबाब पहिल्यापासून द्यायचा. फॉरेन्सिक ऑडिट, म्हणजे पैसा गेला कुठे याची हिशेबतपासणी? "चालू आहे." दीड वर्ष चालूच आहे.

निघताना हवालदार म्हणाला, पुढच्या वेळी मूळ पावत्या आणा. अरे, त्या तुमच्याच आधीच्या साहेबांनी पंचनामा करून ठेवून घेतल्यात, ही बघ पोच!

"मग पोचेच्या दोन झेरॉक्स आणा."