सगळी दारं उघडली की फुकटे वाढतात?

शहर बससेवेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो, कधी इंग्रजीत, हल्ली मराठीतही. थोडक्यात असा: सॅन फ्रान्सिस्कोने बसची सगळी दारं चढायला मोकळी केली, चालकासमोर पैसे भरायची सक्ती काढली आणि फुकट्या प्रवाशांचं फावलं. बदल्यात वाचले थांब्यावरचे दोन-चार सेकंद. लंडनने हाच उद्योग केला आणि हात पोळल्यावर बंद केला. तेव्हा मुंबई-पुण्यात कुणी असलं काही सुचवलं तर त्याला वेळीच गप्प करा.

मी बेस्टच्या बसने शाळा-कॉलेज केलं आणि आता सॅन फ्रान्सिस्कोत म्युनीने, म्हणजे इथल्या बस-ट्रामने, कामावर जातो. मजकूर ठसक्यात लिहिलेला आहे, त्यामुळे वाचताना पटतोही. म्हणून एकेक मुद्दा सोडवून बघू.

आधी मुळात झालं काय ते. १ जुलै २०१२ पासून म्युनीच्या प्रत्येक बसला कुठल्याही दाराने चढायची मुभा मिळाली. संपूर्ण शहरात हे करणारी उत्तर अमेरिकेतली ही पहिली बससेवा. ज्याच्याकडे क्लिपर कार्ड (यंत्राला टेकवून भाडं भरायचं प्रवासी कार्ड), पास किंवा मुदत न संपलेलं तिकीट आहे त्याने मधल्या-मागच्या दाराने चढावं आणि दाराजवळच्या यंत्राला कार्ड लावावं. रोख पैसे भरणाऱ्याने मात्र पुढच्याच दाराने यायचं. आत आल्यावर, ज्याला भाडं लागू आहे त्या प्रत्येकाजवळ पैसे भरल्याचा पुरावा हवा. तपासनीस कधीही चढेल, विचारेल, पुरावा नसेल तर दंड करेल. या बदलाने तिकीट कुणालाही माफ झालं नाही, ते बघायची जागा फक्त बदलली.

"फुकटे वाढले."

म्युनीचीच सर्वेक्षणं आहेत. २००९ मध्ये, म्हणजे पुढच्या दाराचा नियम असताना, विनातिकीट प्रवाशांचं प्रमाण ९.५ टक्के होतं. २०१४ मध्ये, सगळी दारं मोकळी झाल्यावर दोन वर्षांनी, ते ७.९ टक्के निघालं. बुडालेल्या उत्पन्नाचा अंदाज वर्षाला १ कोटी ९२ लाख डॉलरवरून १ कोटी ७१ लाखांवर आला.

दारं उघडली म्हणून फुकटे कमी झाले, असं मी म्हणणार नाही. मधल्या पाच वर्षांत क्लिपर कार्ड रुळलं, तपासनीस वाढवले गेले. शिवाय २०१२ च्या आधीही लोक मागच्या दाराने सर्रास चढत होते. चायनाटाऊनमधून जाणारी ३० नंबरची बस ज्याने पाहिली असेल त्याला हे सांगायला नको. थांब्यावर लाल-गुलाबी प्लास्टिकच्या पिशव्यांतून भाजी घेतलेल्या आज्या, मागच्या दारावरचा हिरवा दिवा लागायचा अवकाश, एकजण उतरतो न उतरतो तोच चारजणी आत. दार उघडलं नाही तर अख्खी बस चालकाच्या नावाने ओरडते, "बॅक डोअर!" यांतल्या कित्येकींकडे महिन्याचा पास असायचा. पैसे भरलेले, पण नियम मोडलेला. नव्या नियमाने हा गोंधळ मिटला आणि तपासनिसाला एकच प्रश्न उरला: पुरावा आहे की नाही?

कोविडनंतर इथे फुकटे पुन्हा वाढले, हे खरं आहे. मजकुरात त्याचं खापर दारांवर फोडलंय. मग याच शहरातल्या बार्ट रेल्वेचं काय करायचं? तिथे तर प्रत्येक स्थानकावर फाटक आहे, कार्ड लावल्याशिवाय फलाटावर जाता येत नाही. तरी लोक फाटकावरून उड्या मारून जात होतेच. शेवटी बार्टला ९ कोटी डॉलर खर्चून सगळ्या ५० स्थानकांवर उंच, नवी फाटकं बसवावी लागली. ते काम २०२५ मध्ये संपलं.

आणि न्यूयॉर्क? तिथल्या साध्या बसना पुढच्याच दाराने चढावं लागतं, चालकाच्या डोळ्यांदेखत. कोविडच्या काळात काही महिने मागून फुकट चढायची सोय होती, ती ऑगस्ट २०२० च्या अखेरीस बंद झाली. तरी २०२४ च्या पहिल्या तिमाहीत तिथल्या बसप्रवाशांपैकी ४८ टक्क्यांनी पैसे भरले नाहीत. जवळपास निम्मे! थांब्यावर आधी तिकीट काढून सगळ्या दारांनी चढायच्या 'सिलेक्ट' बसमध्ये प्रमाण याहूनही जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुढच्या दाराचा पहारा इतका खमक्या असता, तर साध्या बसमध्ये ही अवस्था झाली असती का?

"चालकाच्या नजरेसमोरून गेला की माणूस मुकाट पैसे भरतो."

भरणारा भरतो. जो भरत नाही त्याचं चालकाने काय करायचं? डिसेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागात बी-४६ मार्गावरच्या एका चालकाचा प्रवाशाने चाकूने भोसकून खून केला. वाद होता बदलीच्या तिकिटावरून, म्हणजे एका बसमधून दुसरीत जाताना चालणाऱ्या तिकिटावरून. कुठल्याही शहाण्या बससेवेत चालकाला आज हेच सांगतात की भाडं किती ते सांग, हुज्जत घालू नकोस, गाडी चालव. मग ज्या पहारेकऱ्याने अडवायचंच नाही, त्याच्यासमोरून साठ प्रामाणिक माणसांना एकेक करून कशासाठी न्यायचं? मुंबईत वाहक आणि चालक ही दोन वेगळी माणसं का ठेवली होती, ते इथे नीट कळतं.

"वाचतात ते दोन-चार सेकंद. बस फक्त २ टक्के वेगवान झाली."

हा त्या मजकुरातला सगळ्यात हुशार मुद्दा आहे, म्हणून जरा थांबू.

आकडे खरे आहेत. २०१४ च्या अहवालाप्रमाणे एका माणसाच्या चढ-उतारामागे थांब्यावर लागणारा वेळ सरासरी ३८ टक्क्यांनी घटला. पण बसचा सरासरी वेग ताशी ८.४१ मैलांवरून ८.५६ मैल, म्हणजे जेमतेम २ टक्क्यांनी वाढला. आता एवढ्याशासाठी एवढा खटाटोप?

पहिली गोष्ट, बसचा बराचसा वेळ सिग्नलला आणि गर्दीत जातो, त्यावर दारांचा इलाज नाही. दुसरी, या काळात प्रवासीही वाढले होते आणि जास्त माणसं घेऊन बस हळू व्हायला हवी होती. तिसरी, साधा भागाकार: ज्या सेवेला ५० गाड्या लागतात, तिथे २ टक्के म्हणजे एक गाडी. तिचा चालक, तिचं इंधन, तिची दुरुस्ती, सगळं आलं. पण हे सोडा. खरी गोम सरासरीत दिसतच नाही.

अर्धा तास आपल्या नंबरची एकही बस नाही आणि मग एकदम तीन. पहिलीला माणसं लटकलेली, तिसरी रिकामी. मुंबईत याचं खापर आपण डेपोत चहा पिणाऱ्या मंडळींवर फोडतो. बहुतेक वेळा चहाचा काही संबंध नसतो. धरा, दर सहा मिनिटांनी बस आहे आणि प्रत्येक थांब्यावर मिनिटाला पाच माणसं येतात. एक बस सिग्नलला अडकून दोन मिनिटं मागे पडली. थांब्यावर तिची वाट बघणारे दहाजण जास्त झाले. एकाला चढायला चार सेकंद लागत असतील तर चाळीस सेकंद आणखी गेले. पुढच्या थांब्यावर ती दोन मिनिटं चाळीस सेकंद उशिरा, तिथे तेराजण जास्त, आणखी त्रेपन्न सेकंद. उशिरावर हे चक्रवाढ व्याज चढत जातं. पाच थांब्यांनंतर तिचा उशीर जवळजवळ साडेआठ मिनिटांचा होतो. मागून येणारीला दरम्यान थांबे ओस मिळतात, ती भराभर येते आणि हिला गाठते. झाली जोडी.

आता बाकी सगळं तेच ठेवून एका माणसाचा वेळ ३८ टक्क्यांनी कमी करा, म्हणजे चाराचे अडीच सेकंद. त्याच पाच थांब्यांनंतर उशीर सव्वापाच मिनिटांच्याही आत राहतो. मागची बस अजून मागेच आहे. आकडे मी हिशोबासाठी घेतलेत, पण यंत्रणा अशीच चालते. सेकंद-दीड सेकंदाने फरक पडतो तो इथे. थांब्यावर उभ्या माणसाला बसचा सरासरी वेग जाणवत नाही, त्याला दोन बसमधलं अंतर जाणवतं.

आणि हे चार सेकंद कुठे जातात ते एकदा बघण्यासारखं आहे. पाऊस, पुढचं दार, एक गृहस्थ डॉलरची चुरगळलेली नोट मशीनमध्ये सारतायत. मशीन ती परत ढकलतं. ते ती मांडीवर घासून सरळ करतात, पुन्हा सारतात, पुन्हा बाहेर. मग खिशातून नाणी. मागे वीसजण छत्र्या मिटून ताटकळत. एकदारी बसमध्ये हे वीसजण त्यांचे कैदी. मधलं दार मोकळं असेल तर ते तोवर कार्ड लावून बसलेलेही असतात. त्या गृहस्थांनाही मग कुणी घाई करत नाही.

"लंडनने करून पाहिलं आणि सोडलं."

सोडलं, खरं आहे. लंडनची नवी रूटमास्टर, तीन दारांची आणि दोन जिन्यांची दुमजली बस, फेब्रुवारी २०१२ मध्ये ३८ नंबरच्या मार्गावर आली. तिच्यात कुठल्याही दाराने चढता यायचं. जानेवारी २०२० मध्ये लंडनच्या परिवहन खात्याने जाहीर केलं की या गाड्यांमध्ये फुकट्यांचं प्रमाण इतर बसच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून यापुढे चढायचं पुढूनच.

मजकुरात एवढंच आहे. मधलं गाळलंय. यांतल्या काही मार्गांवर मागच्या दाराशी एक कर्मचारी असायचा. खर्च परवडत नाही म्हणून २०१६ मध्ये ते सगळे काढले. माणूस काढायचा, दार उघडं ठेवायचं आणि चार वर्षांनी दारावर ठपका ठेवायचा, याला प्रयोग फसला म्हणणं जरा जास्तच होतं. दुसरं असं की लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे चालतच नाहीत. सगळे कार्ड टेकवून आत जातात, उतरायला मधलं दार वेगळं. पुढच्या दाराची रांग तिथे मुळातच झपाट्याने सरकते, त्यामुळे बाकीची दारं बंद करून लंडनचं नुकसान थोडं झालं. ज्या शहरात चालकाजवळच्या मशीनमध्ये अजून नोटा सारतात, त्याने लंडनचा दाखला देऊ नये.

"धक्काबुक्की होईल, म्हातारीकोतारी पडतील."

उलट. एकदारी बसमध्ये गर्दी पुढच्या भागात तुंबते आणि मागच्या बाकांवर जागा असते. तीन दारांनी लोक चढले की आपसूक विभागले जातात, पुढचं दार व्हीलचेअर आणि काठीवाल्यांना निवांत मिळतं. आधी उतरू द्यायचं मग चढायचं, एवढी शिस्त लागते. ती मुंबईच्या लोकलमध्ये नाही हे मान्य, पण बसच्या रांगेत आहे.

"आपल्याकडे शक्यच नाही."

गंमत अशी की आपल्याकडे याचा अर्धा भाग पिढ्यान् पिढ्या चालू होता. बेस्टच्या दुमजली बसला मागच्या उघड्या दाराने चढायचं, घंटी दोनदा वाजायची, बस निघायची, आणि मग वाहक तिकिटं फाडत यायचा. पैशांसाठी बस थांब्यावर एक सेकंदही अडत नव्हती. अमेरिकेतल्या तज्ज्ञांना जे शिकायला अहवाल लिहावे लागले, ते माहीमच्या थांब्यावर रोज दिसत होतं. अहमदाबादच्या जनमार्गने, म्हणजे राखीव मार्गिकेवरून धावणाऱ्या बससेवेने, २००९ पासून दुसरी वाट धरली: तिकीट स्थानकातच काढा, फलाट बसच्या पातळीला, बस आली की सरळ आत.

अडचण खर्च वाचवण्यासाठी वाहक काढला की सुरू होते. त्याच्या जागी काय, हे ठरवल्याशिवाय तो काढला तर दारं किती उघडायची हा प्रश्न गौण आहे. मुंबईत विनावाहक गाड्यांसाठी थांब्यावरच वाहकाने तिकिटं द्यायची पद्धत आली. गर्दीच्या सुरुवातीच्या थांब्यांवर, कुर्ला किंवा अंधेरी स्थानकाबाहेर, ती चांगली चालू शकते: रांगेतच तिकीट घ्या, बस आली की दोन्ही दारांनी चढा. मधल्या थांब्यांवर, जिथे चारच माणसं चढतात, तिथे वाहक उभा करण्यात पैसा वाया जातो. त्या ठिकाणी मोबाइल तिकीट, कार्ड आणि अचानक चढणारे तपासनीस लागतात. मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालंय, तेव्हा दहाची नोट आणि यूपीआय या दोहोंनी सुट्ट्यांची कटकटही बरीच मिटलीय. तपासनीस किती नेमायचे आणि कुठल्या मार्गांवर, भांडायचंच असेल तर यावर भांडा.