डाऊन जॅकेट घरी धुवू नका म्हणणाऱ्या कॉमेंटला उत्तर

तुमची कॉमेंट वाचली. चिडून लिहिलीत पण सविस्तर लिहिलीत ते बरं केलंत, नुसतं ‘चुकीची माहिती’ एवढं टाकून गेला असतात तर उत्तर तरी कशाला देणार होतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, तुमचं म्हणणं असं की डाऊन जॅकेट, म्हणजे आत मऊ पिसं भरलेलं थंडीचं जॅकेट, घरी धुवा हा सल्लाच मुळात धोक्याचा, साबणपाण्याने पिसांचं नैसर्गिक तेल निघून जातं म्हणून फक्त ड्रायक्लीनच करावं, ड्रायरमध्ये टेनिस बॉल टाकणं वगैरे म्हणजे इंटरनेटवरचं खूळ, आणि पुरावा म्हणजे तुमचं स्वतःचं जॅकेट, जे तुम्ही नेहमीच्या पावडरीत मशीनला लावलंत, दोन दिवस हँगरवर वाळत घातलंत आणि आता त्यात गोळे झालेत, कुबट वास येतोय.

आधी जॅकेटचंच बोलू, कारण माझ्या मते ते अजून गेलेलं नाही. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा गूजच्या मोठ्या पिसांखाली अंगालगत असतो तो मऊ थर, त्याला पिसासारखा कडक दांडा नसतो, मधल्या एका टोकापासून चारी बाजूंना बारीक तंतू फुटलेले असतात. ऊब पिसांची नसतेच, त्या तंतूंमध्ये अडकून बसलेल्या हवेची असते. ओलं झालं की तंतू एकमेकांना चिकटतात, हवा जाते आणि प्रत्येक कप्प्यात खालच्या कोपऱ्यात एक गोळा जमतो. म्हणजे गोळा दिसला याचा अर्थ डाऊन मेलं असा नाही, ते अजून ओलं आहे किंवा त्यात साबण राहिलाय एवढाच. आणि तुम्ही ते हँगरवर टांगलंत, त्यामुळे पाण्याच्या वजनाने सगळं खाली ओढलं गेलं आणि तिथेच दमट राहून वास धरला. (ओल्या डाऊनला पक्ष्यासारखा थोडा वास येतो तो वेगळा, तो वाळलं की जातो. कुबट वास म्हणजे मात्र ओल आत बरेच दिवस राहिली.)

फसवणूक कुठे होते तर वरचं नायलॉन भराभर वाळतं. हाताला कोरडं लागतं आणि आपण म्हणतो झालं. पण आतलं नाही वाळलेलं. जॅकेट उजेडासमोर धरून बघा, ओलं असेल तिथे काळपट ठिपके दिसतात, चिमटीत धरलं तर वाटाण्याएवढी गाठ लागते. खांदे, कॉलर, खिशांच्या मागची बाजू आणि खालची पट्टी, जिथे कापड दुहेरी असतं, तिथे ओल सगळ्यात शेवटी जाते. याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा, धुवायच्या आधी जॅकेटचं वजन करून ठेवायचं, समजा ४०० ग्रॅम भरलं आणि वाळल्यावर ४४० भरतंय तर वरचे ४० ग्रॅम म्हणजे जवळपास सगळं पाणीच, परत ड्रायरमध्ये टाका.

आता तेलाचं. डाऊनला अगदी थोडं नैसर्गिक तेल असतं हे खरं आणि ते टिकायला हवं हेही खरं, पण जॅकेटमध्ये भरायच्या आधी कारखान्यात ते डाऊन धुतलेलंच असतं हो, साबणाने, भरपूर पाण्यात, आणि मग गरम हवेत वाळवलेलं. पाण्याने सत्यानाश होत असता तर जॅकेट तयारच झालं नसतं. उलट ड्रायक्लीनिंगला जे पर्क्लोरोइथिलीन नावाचं द्रावण सर्रास वापरतात त्याचं कामच मुळी तेल-ग्रीस काढणं आहे. तेल वाचवायला जॅकेट तिकडे द्यायचं हा तर्क मला तरी कळला नाही. अपवाद आहेत, लेबलवर पाण्याच्या टबच्या चित्रावर फुली असेल, किंवा बाहेरून लोकर नाहीतर चामड्याची पट्टी असेल तर घरी हात लावू नका, लेबल सांगतं ते करा.

तुमच्या बाबतीत घात केला तो पाण्याने नाही, पावडरीने. नेहमीच्या बऱ्याच डिटर्जंटमध्ये एन्झाइम असतात, त्यातले काही प्रथिनांचे डाग काढायला प्रथिनं तोडणारे. आणि डाऊन म्हणजे केराटिन, तेही प्रथिनच! शिवाय साबण नीट निघाला नाही तर तंतू चिकट राहतात आणि फुगत नाहीत. म्हणून निक्वॅक्स किंवा ग्रेंजर्सचा डाऊन वॉश मिळतो तो घ्या, फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच अजिबात नको, आणि खळबळणं एकदा जास्तच करा, फेस दिसेनासा होईपर्यंत.

बाकी धुणं अगदी सोपं आहे, चेन लावायची, खिसे रिकामे करायचे, फ्रंट लोडमध्ये डेलिकेटवर ३० डिग्रीला, आणि टॉप लोडमध्ये मधे फिरणारा खांब असेल तर त्यात टाकायचंच नाही, टबमध्ये हाताने दाबून धुवायचं. पिळायचं नाही. आणि ओलं जॅकेट खांद्याला धरून उचलू नका प्लीज, खालून दोन्ही हातांवर घ्या, कप्प्यांमधले आतले कापडी पडदे त्या वजनाने फाटले की डाऊन एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं आणि मग ते परत जागेवर आणणं जवळपास अशक्य.

टेनिस बॉलना मात्र तुम्ही उगाच नावं ठेवलीत. ड्रायर कमी हीटवर, सोबत दोन-तीन स्वच्छ बॉल, ते आपटून आपटून गोळे फोडतात, बस एवढंच त्यांचं काम. मधे मधे थांबवून बाहेर काढायचं, उरलेल्या गाठी बोटांनी मोकळ्या करायच्या, परत टाकायचं, दोन-तीन तास सहज जातात, कधी जास्तही. घाई म्हणून हीट वाढवली तर पातळ नायलॉन आकसतं, वितळतंसुद्धा.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, ड्रायर नसेल आणि हवा दमट असेल तर धुवूच नका, कॉलर आणि बाह्यांच्या कडा ओल्या स्पंजने पुसून काम भागवा. हवा कोरडी असेल तर सावलीत आडवं पसरून, पंखा लावून, दर काही तासांनी उलटंपालटं करून गोळे फोडत राहिलं तर काही दिवसांत वाळतं, पण तेवढा पेशन्स पाहिजे. आणि दर महिन्याला धुवायचं नाहीच, सीझन संपला की एकदा पुरे. पण न धुता वर्षानुवर्षं घामट तसंच वापरायचं हेही नको, अंगाचं तेल आणि घाम कॉलरमधून आत जाऊन त्यानेच डाऊन चपटं पडतं.

तर तुमचं जॅकेट टाकून देऊ नका. डाऊन वॉशने परत एकदा धुवा, ड्रायरला लावा, वजनकाट्याने खात्री करून घ्या. पूर्ण कोरडं झाल्यावरही कुबट वास राहिला तर आतलं डाऊन सडलेलं असू शकतं, आणि सडलं असेल तर त्याला इलाज नाही. आणि हे सगळं करण्याआधी आतल्या लेबलचा फोटो टाका इथे, टबवर फुली आहे का ते आधी बघू.