बल्बचा पासवर्ड

पूर्वी बल्ब लावायला तीन गोष्टी पुरायच्या: बल्ब, स्टूल आणि स्टूल धरणारा माणूस. वायफायच्या, म्हणजे फोनवरून लावता-विझवता येणाऱ्या बल्बला याखेरीज ईमेल, ओटीपी, फोनचं लोकेशन, ब्लूटूथ आणि न वाचता मान्य केलेला एक लांबलचक करार लागतो. एवढं करून उजेड पडतो तो नऊ वॅटचाच. तरीही ही खेळणी मला आवडतात, आणि आवडणाऱ्या माणसालाच त्यांना नावं ठेवायचा खरा हक्क असतो.

पहिली फजिती खरेदीतच होते. आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी दोन खुंट्यांचा, दाबून फिरवायचा होल्डर असतो. खोक्यावर त्याचं नाव बी-२२. आट्यांचा असतो तो ई-२७. वेबसाइटवरच्या फोटोत बल्ब ऐटीत उलटा उभा असतो, त्यामुळे बूड नीट दिसतच नाही. सोळा दशलक्ष रंगांची जाहिरात वाचण्याआधी हे दोन आकडे वाचावेत. रंगांचं तसंही फार काही होत नाही. पहिल्या संध्याकाळी हॉल जांभळा होतो, नंतर जन्मभर पांढरा राहतो.

मग बल्बची आणि वायफायची ओळख करून द्यायची. बल्बमधली चिप स्वस्तातली, तिला वायफाय-लहरींचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो. आपला राउटर २.४ आणि ५ असे दोन पट्टे एकाच नावाने सोडतो आणि फोन ऐटीत ५ वर बसलेला असतो. काही ॲप इथेच अडून बसतात. यावर उपाय असा की राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्यावीत, किंवा फक्त २.४ वर चालणारं पाहुण्यांचं नेटवर्क सुरू करून बल्बला तिथे बसवावं. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार नुसता नवा डब्ल्यूपीए-३ ठेवला असेल तर कित्येक बल्बांना तो झेपत नाही, जुना डब्ल्यूपीए-२ही चालू असू द्यावा.

बल्बला जोडणीच्या अवस्थेत आणायला बटण ठरावीक वेळा चालू-बंद करायचं असतं. कंपनीप्रमाणे तीनदा किंवा पाचदा, दर खेपेला साधारण सेकंदभर थांबून. घाई केली तर बल्ब मोजत नाही, रेंगाळलात तर विसरतो. भराभर लुकलुकला की तयार. सावकाश लुकलुकला तर बहुधा त्याने स्वतःचंच वायफाय सोडलेलं असतं आणि फोन त्याला जोडायचा असतो. इथे फोनला वाटतं, या वायफायवर इंटरनेट नाही, आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. म्हणून तेवढी पाच मिनिटं डेटा बंद. ही एक ओळ पुस्तिकेत छापली असती तर निम्मे बल्ब परत गेले नसते, असं माझं ठाम मत आहे.

इथवर सगळं पुस्तकी. पुढे गाठ पडते आपल्या लाइटशी. आपल्याकडे लाइट जाते तेव्हा सरळ जात नाही. जाते, येते, पुन्हा जाते, डोकावून बघते आणि मगच काय ते ठरवते. बल्बच्या हिशेबी हे कुणीतरी बटण तीनदा चालू-बंद केल्यासारखंच असतं. तो मुकाट्याने जुनी ओळख पुसतो आणि नवा मालक शोधत लुकलुकू लागतो, रात्री अडीच वाजता, झोपायच्या खोलीत. पाच खटक्यांचा बल्ब तीन खटक्यांच्या बल्बापेक्षा आपल्या हवामानाला जास्त मानवतो, तो याचसाठी.

लाइट परत आल्यावर बल्बने काय करायचं, याचंही सेटिंग असतं: चालू, बंद किंवा होता तसा. मुळात ते बहुतेकदा ‘चालू’वर असतं, म्हणजे पहाटे लाइट आली की अख्खं घर लग्नघर होतं. शहाणा माणूस ‘होता तसा’ निवडतो आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतो. फोनवरून बंद केलेला बल्ब आता भिंतीवरच्या बटणाने लागत नाही. आजी बटण दाबते, उजेड नाही, बल्ब गेला. दोन वेळा दाबते, तरी गेलेलाच. वायरमनला फोन जातो, तो येऊन साधा बल्ब लावतो आणि अडीचशे रुपये घेतो.

खरी मेख त्या भिंतीवरच्या बटणातच आहे. या बल्बची एकच अट असते, बटण कायम चालू हवं. आणि आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या एकच संस्कार झालेला असतो: खोलीतून बाहेर पडताना बटण बंद. ‘बिल कोण भरणार?’ हे वाक्य न ऐकता मोठा झालेला मराठी माणूस मला दाखवा. बटणावर चिकटपट्टी लावा, ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावा, बाबा चिठ्ठी वाचतील, मान डोलावतील आणि बटण बंद करतील. त्यांचं अगदीच चुकत नाही. बंद दिसणारा बल्बही वायफायशी बोलत राहायला अर्धा वॅट पगार घेतो, म्हणजे महिन्याला एक-तृतीयांश युनिटच्या आसपास. दहा बल्बांचे साडेतीन युनिट. हा हिशेब बाबांना कळू देऊ नये.

बाबांना बदलण्यापेक्षा बटण बदलणं सोपं. बल्ब साधाच ठेवायचा आणि स्विचबोर्डच्या आत, बटणामागे काडेपेटीएवढं मॉड्यूल, म्हणजे वायफायचा छोटा स्विच, बसवायचं. मग बटणही चालतं, फोनही चालतो आणि कुणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. मात्र त्याला फेजबरोबर (वीज आणणारी) न्यूट्रलची (परतीची) वायरही लागते, आणि जुन्या इमारतींत न्यूट्रल बोर्डात न येता परस्पर दिव्याकडे गेलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. त्याच बोर्डावर प्लग पॉइंट असेल तर न्यूट्रल आत आहे. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलं मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा करंट ओढतात, त्यामुळे बंद एलईडी अंधारात मिणमिणतो. तो थांबवायला दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर लावतात. दोन मॉड्यूलं खरेदी करण्याआधी बोर्ड किती खोल आहे तेही पाहावं, नाहीतर वर झाकण बसत नाही. आणि हे काम मेन बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावं. व्हिडिओ बघून केलेल्या कामात लाल वायर फेजचीच असेल, असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडच्या वायरिंगने असं वचन कुणालाच दिलेलं नाही.

गिझरचा वायफाय प्लग, म्हणजे फोनवरून किंवा ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद होणारा, हा मात्र या सगळ्या पसाऱ्यातला कामाचा माणूस. १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण १८ ते २० मिनिटं घेतो आणि त्यात जेमतेम सहा-दशांश युनिट जातं. म्हणजे साडेपाचला चालू, सहाला आपोआप बंद. हा गिझर पावणेनऊ अँपिअर खेचतो, तेव्हा दहा अँपिअरचा प्लग कागदावर पुरतो आणि प्रत्यक्षात तापतो. १६ अँपिअरचाच घ्यावा. तीन किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरला तर पर्यायच नाही, तो तेरा खेचतो. भिंतीतला सॉकेट सैल असेल तर आधी तो बदलावा. सैल पकडीने पिना काळ्या पडतात आणि दोष नव्या वस्तूवर जातो. सॉकेटचं मूळ बटण बंद राहिलं तर प्लगला लाइटच मिळत नाही, ॲपमध्ये तो ‘ऑफलाइन’ दिसतो. गिझरचं स्वतःचं बटण बंद राहिलं तर मात्र ॲपमध्ये ‘चालू’ दिसत राहतं आणि पाणी गारच. या दुसऱ्या प्रकारात ॲप खोटं बोलत नसतं, तरी शिव्या त्यालाच बसतात.

बोलून दिवे-पंखे लावणारं यंत्र घेतलं असेल तर तोंडी हुकमांबद्दल एवढंच: नावं आखूड आणि एकमेकांपासून लांबची ठेवावीत. ‘हॉल’, ‘हॉलचा पंखा’ आणि ‘हॉलचा मोठा दिवा’ अशी खानदानी नावं दिलीत तर यंत्र तिघांनाही उठवतं.

पुण्यातल्या आईच्या घरात अमेरिकेतल्या मुलाने दिवे बसवायचे, हा हल्ली एक लाडका उपक्रम आहे. खातं उघडताना ॲप देश विचारतं, तिथे घाईने ठोकू नये. बऱ्याच ॲपमध्ये तो देश नंतर बदलता येत नाही, आणि एका विभागातलं उपकरण दुसऱ्या विभागातल्या खात्याशी वाटून घेता येत नाही. तेव्हा घर जिथे, खातं तिथलं. मुलाने भारतातल्या नंबरवर खातं काढावं, ओटीपी आईकडून विचारून घ्यावा. फोनवर ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे आईला त्यानेच मागच्या महिन्यात बजावलेलं असतं, त्यामुळे ती तो सांगत नाही.

राउटर बदलताना नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, अक्षरांच्या लहान-मोठेपणासकट. मग दिवे, प्लग, कॅमेरा सगळे आपापले परत जोडले जातात. शेजाऱ्याला टोमणा मारायला वायफायचं नाव बदलायचा मोह होईलच, पण त्याची किंमत म्हणजे घरातल्या प्रत्येक बल्बखाली पुन्हा स्टूल.